मेंदूचे छायाचित्र मागणारे व्याही

गेल्या महिन्यात इचोड्याहून आमच्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले. इचोडा हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबादहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. १९५६ पर्यंत तो मुलूख हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला, आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्यांच्या पाट्या बदलल्या, तरी तेथल्या बाजारात तेलुगू, गोंडी आणि उर्दू यांच्या जोडीने मराठी अजून कानी पडते. आणि लग्न जुळवावयाचे म्हटले की तेथली आपली माणसे पूर्वीप्रमाणेच नांदेड-यवतमाळपासून थेट कारवार-गोव्यापर्यंत दृष्टी टाकतात.

पत्राचा विषय तोच होता. मुलीचे लग्न ठरत आले होते. गोत्र पाहून झाले, पत्रिका जुळली, याद्या व्हावयाच्या तेवढ्या राहिल्या होत्या. इतक्यात मुलीच्या मामांना उन्माद-विषादाचा विकार आहे, ज्यास आजचे डॉक्टर ‘बायपोलर’ म्हणतात तो, ही गोष्ट वरपक्षाच्या कानी गेली. मामा कित्येक वर्षे लिथियमच्या गोळ्या घेतात आणि आपले दुकान नीट सांभाळतात. वरपक्षाने सोयरीक मोडली नाही. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, की मुलीच्या डोक्याचा एमआरआय काढून आणावा आणि तिच्या मेंदूत आनुवंशिक दोष नाही असा डॉक्टरांचा दाखला त्यास जोडावा. मग पुढचे बोलू. मुलीचे वडील आम्हांस विचारतात ते एवढेच, की हे छायाचित्र हैदराबादेस चांगले निघेल की नागपुरास?

पत्र वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. वरपक्षाच्या मागणीने आम्ही जितके अस्वस्थ झालो, त्याहून अधिक मुलीच्या वडिलांच्या या मुकाट तयारीने झालो. मागणी रास्त आहे की नाही हा प्रश्नच त्यांच्या मनात उठलेला दिसत नाही. यंत्राचे नाव निघाले, शहरातल्या डॉक्टरांचे नाव निघाले, आणि एका शहाण्यासुरत्या गृहस्थांनी मान खाली घातली.

मागणी विज्ञानाचे नाव घेऊन दारात आली आहे, तेव्हा विज्ञान काय म्हणते ते आधी पाहू.

हा विकार घराण्यात चालतो, हे खोटे नाही, आणि ते नाकारून मुलीची बाजू घेण्याचे आम्हांस कारण नाही. १९६६ साली स्वित्झर्लंडात ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमध्ये कार्लो पेरिस या दोघा डॉक्टरांनी परस्परांहून स्वतंत्रपणे रुग्णांची कुटुंबे तपासली. ज्यांस उन्माद आणि विषाद दोन्ही येतात त्यांचा विकार नुसत्या विषादाहून निराळा आहे, हे त्यांनी दाखविले ते बऱ्याच अंशी नातेवाइकांच्या इतिहासावरून. त्यानंतरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर चित्र असे दिसते: सर्वसाधारण लोकांत शंभरांत सुमारे एकास हा विकार होतो, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत शंभरांत पाच ते दहांस. भाचीचे नाते याहून एक पायरी दूरचे, म्हणून तिचा धोका आणखी कमी. सख्ख्या नात्यातदेखील शंभरांतली नव्वद किंवा त्याहून अधिक माणसे या विकारावाचून आयुष्य काढतात, ही गोष्ट मात्र ‘घराण्यात वेड आहे’ असे कुजबुजणारा कोणी सांगत नाही. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांतही एकास विकार असताना दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ४० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. रक्तमांस तेच असूनही कित्येक जुळ्यांत दुसरा भाऊ निरोगी राहतो.

बरे, हा वारसा म्हणजे एखादे खोटे नाणे नव्हे, की एका घराण्याच्या पेटीत आहे आणि दुसऱ्याच्या नाही. २०२५ च्या आरंभी ‘नेचर’ या नियतकालिकात जे संशोधन प्रसिद्ध झाले त्यात १,५८,०३६ रुग्णांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना इतर लक्षावधी लोकांशी केली होती. तीतून या विकाराशी संबंध असलेल्या २९८ जागा निघाल्या, आणि त्यांतील एकेकीचा वाटा राईएवढा. यांतल्या पुष्कळशा जागांची धोक्याकडे झुकणारी रूपे आमच्या अंगी आहेत, वाचकांच्या अंगी आहेत, आणि एमआरआय मागणाऱ्या त्या वरपित्याच्या अंगीही आहेत. ज्यात यांतले काहीच नाही असे कूळ दाखवावे. आम्ही त्या कुळास साष्टांग नमस्कार घालू.

आता यंत्राकडे वळू. एमआरआय क्ष-किरण वापरीत नाही. प्रबळ चुंबकात माणसास निजवून, शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारे सूक्ष्म संकेत टिपून ते चित्र बनविते. मेंदूतील गाठ, रक्तस्राव, रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग हे सारे त्यात स्वच्छ दिसते. उतारवयात एखाद्यास प्रथमच उन्माद झाला तर मेंदूत दुसरे काही बिघडले आहे काय हे पाहण्यास डॉक्टर एमआरआय सांगतात, आणि ते योग्यच करतात. परंतु बायपोलर विकाराचा डाग म्हणून काही त्या चित्रात दिसत नाही. खुद्द रुग्णाच्या चित्रात दिसत नाही, मग त्याच्या निरोगी भाचीच्या चित्रात कोठून दिसणार?

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांनी फरक शोधून काढले आहेत ना? काढले आहेत. अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन ‘एनिग्मा’ नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यांनी २०१८ साली ६,५०३ माणसांची चित्रे एकत्र तपासली. त्यांत २,४४७ रुग्ण होते. रुग्णांत मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी कपाळामागच्या, कानशिलाच्या आणि टाळूखालच्या भागांत सरासरीने थोडी कमी भरली. लिथियम घेणाऱ्यांत हा थर तुलनेने जाड आढळला, हेही त्याच अभ्यासात आहे. येथे ‘सरासरी’ या शब्दावर सगळी भिस्त आहे. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. तेथल्या वाचकांस कापसाच्याच भाषेत सांगतो. दोन शिवारांतील बोंडांचे सरासरी वजन थोडे वेगळे भरले, म्हणून वाटेत सापडलेले एक बोंड तळहातावर घेऊन ते कोणत्या शिवारातले, हे कोणास सांगता येईल काय?

त्या संशोधकांनी तेही करून पाहिले आहे. तेरा केंद्रांतील ३,०२० माणसांची चित्रे संगणकास दिली आणि कोण रुग्ण, कोण निरोगी हे ओळखावयास लाविले. संगणकास यश आले ते सुमारे ६५ टक्के. नाणे उडवून ५० मिळतात. आणि येथे आधीच आजारी असलेल्यांस ओळखावयाचे होते, पुढे कोण आजारी पडेल हे सांगावयाचे नव्हते. तरीही वरपक्षाच्या समाधानासाठी क्षणभर समजू, की भविष्यही तितक्याच अचूकतेने कळते. एक हजार उपवर मुलामुलींची छायाचित्रे काढली. त्यांतली दहा पुढे आजारी पडणारी. यंत्र त्यांतली सहा-सात पकडील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी सुमारे ३४६ जणांवरही ते बोट ठेवील. साडेतीनशे लग्ने मोडतील, त्यांत खरा धोका सहा-सात ठिकाणी. आणि तीन-चार जण ‘निर्दोष’ असा दाखला खिशात घालून बोहल्यावर चढतील. या हिशेबास सावधगिरी म्हणतात काय?

आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. २०१९ साली याच उपक्रमाने रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांची चित्रे तपासली. बायपोलर रुग्णांच्या नातेवाइकांत कवटीच्या आतील पोकळी सरासरीने किंचित मोठी निघाली. तेव्हा यापुढे मोठ्या डोक्याचा वर आला तर वधूपक्षाने त्यास परत पाठवावा काय? आमच्या मंडळींत मोठे कपाळ हे आजवर भाग्याचे लक्षण समजत आले आहेत. सामुद्रिक बदलावे लागेल!

ही चित्रे मग काढतात तरी कशाला, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पाहावयास मिळते. गेल्या दशकाच्या मध्यापासून तेथील डॉक्टर बंगळूरच्याच इतर विज्ञानसंस्थांच्या साहाय्याने, एकाहून अधिक माणसांस गंभीर मनोविकार आहे अशा कुटुंबांचा अभ्यास करीत आहेत. आजारी आणि निरोगी दोघांचीही मेंदूची चित्रे घेतात, रक्ताच्या नमुन्यांतून आनुवंशिक द्रव्य वाचतात, पेशींपासून प्रयोगशाळेत मूलपेशी तयार करतात, आणि त्याच कुटुंबांकडे पुनःपुन्हा परततात. एकाच घरातला एक भाऊ आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, हे का, हा त्यांचा शोध आहे. तो पुरा होण्यास वर्षे लागतील. तेथे जी कुटुंबे आपले रक्त आणि आपला इतिहास देतात, त्यांनी तो विश्वासाने दिलेला असतो. त्या विश्वासाच्या बळावर चाललेल्या विद्येचे नाव घेऊन आमचे व्याही मुलीच्या बापास धाक घालतात, हे आम्हांस सर्वांत अधिक झोंबले.

झोंबण्याचे कारण इतिहासात आहे. जर्मनीत १९३३ च्या जुलैत ‘आनुवंशिक रोगांची संतती टाळण्याचा’ कायदा झाला. ज्यांस सक्तीने वंध्य करावयाचे त्या रोग्यांच्या यादीत उन्माद-विषादाचे रुग्ण नाव घेऊन घातले होते. त्या कायद्यामागे मनोविकारांच्या आनुवंशिकतेचे नामांकित अभ्यासक अर्न्स्ट र‍्यूडिन उभे होते. सुमारे चार लक्ष माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३९ पासून मनोरुग्णांस ठार मारण्यास आरंभ झाला. त्यांच्याजवळ एमआरआय नव्हता, २९८ जागा ठाऊक नव्हत्या. होता तो फक्त दाखला, शिक्का आणि आज्ञाधारक नातेवाईक. इचोड्याच्या सोयरिकीची त्याच्याशी बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु रक्त शुद्ध असल्याचा दाखला डॉक्टरांकडून आणावयास सांगणे ही कल्पना कोठून निघाली आणि कोठे जाऊन पोचली, हे मागणाऱ्यास ठाऊक असलेले बरे.

शिवाय एक साधी गोष्ट आहे. हा विकार स्त्रिया आणि पुरुष यांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात होतो. वराच्या डोक्याचे छायाचित्र कोणी मागितले काय? पत्रिका पाहणाऱ्यांवर पुष्कळ टीका होते. ती निदान दोघांची पाहतात. इचोड्यापासून फार दूर नाही अशा केस्लापुरास पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंडांच्या नव्या सुना त्या वेळी शुभ्र लुगडी नेसून नागोबापुढे येतात. ‘भेटिंग’ हा विधी होतो आणि त्या कुळाच्या होतात. त्या बांधवांचे सारेच चालीरीत निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पण सुनेस कुलदेवापुढे उभे करण्याची ही रीत आणि आमच्या शिकल्यासवरल्या मंडळींचा हा निरोप शेजारी ठेवून पाहता आम्हांस लाज वाटली.

वरपक्षास बोल लावून आम्ही येथेच थांबलो, तर वधूपक्षाकडील वाचक संतुष्ट होतील. त्यांस संतुष्ट करण्याचा आमचा विचार नाही. इचोड्याच्या पत्रात एक वाक्य आहे: मामांची गोष्ट ‘बाहेर फुटली’ कशी हेच कळत नाही. फुटली! म्हणजे ती आजवर दडवून ठेविली होती. मराठीत देवाचे पिसे लागणे हे भक्ताचे भाग्य समजतात. कोंकणीत ‘पिसो’ आणि तेलुगूत ‘पिच्चि’ म्हटले की पोरे खडे मारतात. तेव्हा कुटुंबे दडवितात यात नवल नाही. निजामाच्या अमदानीत त्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्यास होते. १९५३ साली ते हैदराबादेत एर्रगड्डा येथे आले. उन्मादावर लिथियम चालते असे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी दाखविले ते १९४९ मध्ये. त्याआधी ज्यांस असा विकार जडला, त्यांच्या घरच्यांना कोंडून ठेवणे किंवा दूर धाडणे यापलीकडे हाती फारसे काही नव्हते. अशा माणसांची नावे घरातल्या बोलण्यातून गळाली, पुढे वंशावळींतून गळाली. आमच्या कुलवृत्तांतांत ‘निपुत्रिक’ आणि ‘परागंदा’ असे शेरे मारून किती माणसे संपविली आहेत, ते ज्याने त्याने आपल्या घरचा ग्रंथ उघडून पाहावे.

दडविण्याने काय होते, ते रोकडे सांगतो. समजा, या मुलीस कधी विषादाने घेरले. ती डॉक्टरांकडे गेली आणि मामांची गोष्ट सांगितली नाही. नुसत्या विषादावरच्या गोळ्या काही बायपोलर रुग्णांस उन्मादाकडे ढकलतात. म्हणून तर घराण्यात कोणास असा विकार आहे काय, हे डॉक्टर आवर्जून विचारतात. मामांस लिथियमचा गुण आला हेही त्यांच्या उपयोगाचे, कारण या औषधाचा गुण येणे काही अंशी घराण्यात चालते असे आढळले आहे. बाळंतपणानंतरचे आठवडे या विकाराच्या दृष्टीने विशेष नाजूक असतात. माहेरी असा इतिहास असलेली मुलगी झोप उडाल्याचे सांगू लागली, तर जाणत्या सासूने ते अंगावर काढू देता कामा नये. हे सारे फुकट मिळणारे ज्ञान आहे. हजारो रुपये खर्चून काढलेल्या छायाचित्रात यातले काही नाही. मामांच्या एका गोष्टीत सगळे आहे, आणि तीच नेमकी आपण गिळून टाकतो.

याहून वाईट प्रकार आमच्या पाहण्यात आहे. ज्या मुलीस स्वतःस हा विकार आहे तिचे लग्न लपवून लावितात, आणि सासरी कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून गोळ्या बंद करावयास सांगतात. लिथियम एकाएकी सोडले की विकार उलटण्याचा धोका मोठा. दोन-चार महिन्यांत तो उलटतो, मग फसवणुकीचा डंका, आणि मुलगी माहेरी. हे पाप मेंदूचे नव्हे, रक्ताचे नव्हे. ते मुलीच्या आईबापांचे आणि ‘एकदा लग्न झाले की सारे ठीक होईल’ असे सांगणाऱ्या आप्तांचे आहे. काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भास घातक असतात आणि मूल होण्याआधीच बदलावी लागतात. ज्या घरात गोळीच लपवावी लागते तेथे ही गोष्ट डॉक्टरांशी बोलणार कोण?

आमचे मत स्पष्ट आहे. स्वतःचा विकार असेल तर जो जन्माचा सोबती होणार त्यास तो लग्नाआधी, शांतपणे, गोळीच्या नावासकट सांगितलाच पाहिजे. मामाचा, काकाचा, आजीचा विकार ही मुलीची खोट नव्हे. ती तिच्या प्रकृतीविषयीची एक माहिती आहे. ती तिच्या डॉक्टरांस ठाऊक हवी, तिच्या नवऱ्यास ठाऊक असली तर उत्तम, आणि मध्यस्थाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९७६ च्या दुरुस्तीसह, पाहतो ते वधूवरांच्या स्वतःच्या मनःस्थितीकडे, मामाकडे नव्हे. स्वतःचा विकार असला तरी नुसत्या त्याच्या नावावर विवाह मोडत नाही. तो किती तीव्र आहे हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कच दिला आहे. मामांची फाईल त्यांच्या अनुमतीवाचून वरपक्षापुढे ठेवण्याचा अधिकार मेहुण्यासही नाही.

घराण्याच्या नावाचा जो घोर आपण करतो त्यातला थोडा औषधाचा करावा असे मात्र वाटते. निम्हान्सने २०१५-१६ साली देशाच्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत बायपोलर रुग्णांपैकी ७० टक्के उपचारांवाचून आढळले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, तेलंगण नव्हते आणि गोवाही नव्हता. तेव्हा आपल्याकडे बरे असेल अशी समजूत करून घेण्यास कोणताही आधार नाही. इचोड्याहून आदिलाबाद सुमारे तीस किलोमीटर. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, तेलुगूतही. आमच्या देवस्थानांच्या फलकांवर अभिषेकाचे दर, भक्तनिवासाचे नियम आणि देणगीदारांची नावे असतात. त्यांखाली हे पाच आकडे लिहिण्यास महाजनांच्या सभेचा ठराव लागत असेल, तर तो येत्या सभेत आणावा. आम्ही अनुमोदन देतो.

इचोड्याच्या वाचकांस आम्ही उत्तर धाडले आहे. एमआरआय हैदराबादेसही काढू नये, नागपुरासही काढू नये. मुलीस एकांतात विचारावे, की अशा घरी तिला जावयाचे आहे काय. तिचे उत्तर ‘होय’ आले तर तिनेच मुलाशी बोलावे, आणि मामांनाही त्या वेळी जवळ बसवावे, कारण त्यांच्या आजाराविषयी त्यांच्याहून अधिक जाणणारे त्या घरात कोणी नाही. आणखी एक. मामांच्या रक्तातील लिथियमची तपासणी लग्नाच्या गडबडीत वर्षभर राहून गेली आहे, असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. हे औषध रक्तात कमी झाले तर निरुपयोगी आणि जास्त झाले तर विषारी; त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड ही दर तीन ते सहा महिन्यांनी पाहावयाची असतात. मुलीच्या एमआरआयसाठी बाजूस काढलेल्या पैशांतून उद्या सकाळी ती तपासणी करून घ्यावी, आणि आकडा काय आला ते आम्हांस कळवावे.